लांब नाकाची पक्कड

सुनेच्या गाडी चालवण्यावर माझा विश्वास होता, समोरून येणाऱ्यांवर नव्हता. ती सुरगाणा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवते. सोमवारी सकाळी साडेसहाला इंदिरानगरातून निघते, आठवडाभर तिथल्याच क्वार्टरमध्ये राहते आणि शनिवारी संध्याकाळी परत येते. मुलगा पुण्याला नोकरीला. म्हणजे घरात आम्ही दोघीच, त्याही आठवड्यातून दीड दिवस. तिच्या रस्त्यावर वणी सुटलं की फोनची रेंज जाते, घाट लागतो आणि वळणावळणावर माणसांनी गच्च भरलेल्या जीपा अंगावर येतात. त्यातल्याच एकीनं दिवाळीनंतर तिच्या गाडीचं दार खरवडलं आणि वर जीपवाल्यानं चारचौघांत तिलाच खोटं पाडलं. हे ऐकून मुलानं डॅशकॅम मागवला. अंगठ्याएवढा कॅमेरा, समोरचं सगळं टिपणारा, आवाजासकट.

"दुकानात नेऊन बसवून घेते," सून म्हणाली.

"दुकानात? मग मी ओझरला तीस वर्षं काय गवत उपटलं?"

ओझरच्या विमानांच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी वायरिंगमध्ये गेली. त्यामुळे बाहेर वायर कशी जोडतात ते पाहिलं की माझं डोकं फिरतं. चालू वायर ब्लेडनं सोलायची, दुसरी तिच्यावर गुंडाळायची आणि काळी टेप मारायची. उन्हाळ्यात टेप सुटते, उघडी तार पत्र्याला लागते आणि मग गाडी कशी पेटली म्हणून सगळे एकमेकांची तोंडं बघतात. माझ्या सुनेच्या गाडीला असलं काम मी लागू देणार नव्हते. तोरा म्हणा हवं तर. होताच तो.

रविवारी दुपारी पार्किंगमध्ये कामाला लागले. कॅमेरा आरशामागे चिकटवला. वायर छताच्या अस्तरात बोटानं ढकलत काचेच्या कडेपर्यंत नेली. तिथल्या खांबात एअरबॅग असते. वायर तिच्या पुढून नेली तर अपघाताच्या वेळी एअरबॅग ती वायर घेऊनच तोंडावर येते, म्हणून खांबाचं आवरण काढून वायर मागच्या अंगानं उतरवली. मग दाराच्या रबराखालून स्टिअरिंगच्या उजवीकडे, फ्यूजच्या पेटीपर्यंत. वयाच्या बासष्टाव्या वर्षी माझं डोकं ब्रेकपाशी आणि पाय दाराबाहेर, अशी अवस्था. येणारे-जाणारे थांबून बघत होते. चावी फिरवल्यावरच ज्यात वीज येते तो फ्यूज टेस्टरनं शोधला, लांब नाकाच्या पकडीनं उपसला, त्या जागी कॅमेऱ्याचा वेगळा फ्यूज बसेल असा जोड घातला. एकही वायर सोलली नाही. शेवटी दर चार बोटांवर वायर बांधायचा एक प्लास्टिकचा टाय आवळला, म्हणजे कितीही हादरे बसले तरी वायर वाजणार नाही.

चावी फिरवली, कॅमेरा चालू झाला. त्यातलं घड्याळ मी मोबाईलवर बघून मिनिटाला मिनिट लावलं. सून वाकून, मान वळवून बघत राहिली आणि म्हणाली, "आई, पण वायर आहे कुठे?"

निवृत्त झाल्यापासून माझ्या हातच्या कामाचं असं कौतुक कोणी केलं नव्हतं. पुरणपोळीचं करतात, पण ते काय, सगळ्यांच्याच आईचं करतात. मी हवेत गेले. हत्यारं फडक्यात गुंडाळली आणि चहा टाकायला वर आले.

सोमवारी ती वेळेवर निघाली. माझं आवरून झाल्यावर सव्वासातला मी हत्यारं लावायला गॅलरीत गेले. तिथे मी कारखान्यातल्यासारखी फळी केली आहे. प्रत्येक हत्याराच्या आकाराची जागा पांढऱ्या रंगानं रंगवलेली, तिच्यावर ते हत्यार टांगायचं. कटर लागला, स्क्रू ड्रायव्हर लागले, टेस्टर लागला. फडकं रिकामं झालं आणि फळीवरची एक जागा पांढरीच राहिली. लांब नाकाची पक्कड.

ती कुठे आहे हे मला त्याच क्षणी दिसलं. शेवटचा टाय आवळताना दोन्ही हात लागत होते, म्हणून मी पक्कड फ्यूजच्या पेटीखालच्या पत्र्याच्या कडेवर ठेवली होती. ती कडा पायांच्या बरोबर वर आहे. गाडी हादरली की वीतभर लांबीचं ते लोखंड घसरणार आणि ब्रेकच्या मागे अडकलं, तर पाय कितीही दाबला तरी ब्रेक लागणार नाही.

कारखान्यात फळीवरची एक जागा जरी रिकामी दिसली तरी विमान जागचं हलत नसे. ज्याचं हत्यार हरवलं त्यानं तिथल्या तिथे, मोठ्यानं सांगायचं. सांगणाऱ्याला कोणी एक शब्द बोलायचा नाही. लपवणाऱ्याची मात्र गय नव्हती. नव्या पोरापोरींना हे शिकवायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते फार कडकपणे करायची.

आणि तरीही मी फोन उचलला नाही. फोन डायनिंग टेबलावर होता, मला गॅलरीतून दिसत होता.

आधी मी पार्किंगमध्ये गेले. जिथे गाडी उभी होती तिथे टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसून पाहिलं. वर येऊन कचऱ्याचा डबा उपडा केला. आदल्या दिवशीच्या कुर्त्याचे खिसे पाहिले, धुण्याची बादली पाहिली, चपलांचं कपाट पाहिलं. पुन्हा खाली गेले. स्वतःला सांगत होते, ती गाडी चालवतेय, कशाला तिला उगाच घाबरवायचं, आधी खात्री करून घेऊ. सगळं खोटं. खात्री मला पहिल्याच मिनिटाला झाली होती. मला तिला सांगायचं नव्हतं, एवढंच. "मी दुकानात म्हटलं होतं" हे तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. ती तसं म्हणणाऱ्यातली नाही, हेही मला माहीत होतं.

शेवटी भीतीनं तोऱ्यावर मात केली तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. तेच. मी हिशेब केला. वणी मागे पडलं होतं. ती घाटात होती.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. त्या दोन तासांत मी काय काय पाहिलं ते लिहवत नाही. एवढंच सांगते की माझ्या डोळ्यांसमोर तिचे पाय होते. रोजच्या निळ्या पट्ट्यांच्या चपला, आणि त्यांतला उजवा पाय दाबतोय, दाबतोय. मी गॅसवर दूध ठेवलं आणि ते उतू जाऊन गॅस विझेपर्यंत तिथेच उभी होते. शाळेतल्या स्वयंपाकाच्या मावशींचा नंबर माझ्याकडे होता. त्यांच्या मोबाईल कंपनीची रेंज तिथे येते. साडेआठपासून मी त्यांना चार वेळा फोन केला.

"मॅडम नाय आल्यात अजून," त्या चारही वेळा म्हणाल्या. "येतील ना आई. घाबरू नका. रस्ता लय खराब हाय, टाइम लागतो."

नऊला ती पोहोचते. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. मुलाला फोन करायची माझी छाती झाली नाही. काय सांगणार होते? देवाला मी एरवी फार त्रास देत नाही. त्या दिवशी देव्हाऱ्यासमोर उभी राहिले आणि मला मागायलाही तोंड नव्हतं.

सव्वादहाला मावशींच्या फोनवरून तिचा आवाज आला. "आई, पोहोचले. रस्त्याचं काम चालू होतं."

"पक्कड," मी म्हटलं.

ती म्हणाली, "हो, सापडली. सीटखाली होती. इथे उतरल्यावर दिसली."

मी रडले. आणि रडता रडता तिलाच झापलं, की पोहोचायला उशीर होतोय तर वाटेत कुठूनतरी फोन करता येत नाही का माणसाला.

शनिवारी ती आली. हसत आली, पक्कड माझ्या हातात दिली आणि आंघोळीला गेली. मी कॅमेऱ्याचं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. शंका म्हणून नाही. चित्र किती स्पष्ट येतंय ते बघायचं होतं मला, माझंच काम मला बघायचं होतं. सोमवारचं उघडलं.

घाटातला उतार. खाली कुठेतरी खण्ण असा बारीक आवाज झाला. पुढच्या वळणावर गाडी हळू व्हायला हवी होती, ती झाली नाही. समोरून जीप, टपावर माणसं. सुनेचा आवाज आला, "आई गं!" हँडब्रेक करकरला, चित्र डावीकडे फिरलं आणि काचेसमोर माती आणि गवत आलं. त्यानंतर कितीतरी वेळ चित्र हललं नाही. नुसता तिचा श्वास. मग रडणं. मग कोणीतरी काचेवर टकटक केलं, "ताई, लागलं नाय ना?" आणि जीपमधली माणसं रस्त्याकडेच्या नालीत उतरून गाडी ढकलू लागली.

पडद्याच्या कोपऱ्यात वेळ होती. आठ वाजून चार मिनिटं.

मी बाहेर आले. ती केस पुसत सोफ्यावर बसली होती. "मी सोमवारचं पाहिलं," मी म्हटलं.

तिला लगेच कळलं. "अहो आई, काही झालं नाही ना? झालं तर मग. हत्यार कोणाचंही राहतं. तुम्ही एवढ्या हौसेनं केलं होतंत, सांगितलं असतं तर परत कशाला हात लावला नसतात. माझी शप्पथ, मनाला लावून घेऊ नका."

तिथे मी गप्प बसले असते तर सगळं मिटलं असतं. तिनं माफही केलं होतं. पण ज्याची माफी मिळाली तो माझा गुन्हाच नव्हता.

"मला सव्वासातला कळलं होतं," मी म्हटलं. "पक्कड गाडीत राहिलीय, ब्रेकच्या वर, हे मला सव्वासातला कळलं होतं. तुला फोन मी आठ वाजून दहाला केला. मधला वेळ मी घरात शोधत होते. तुला सांगायला लागू नये म्हणून."

टॉवेल धरलेला तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग असता तर मी सोसला असता.

"सव्वासातला मी दिंडोरीत होते," ती म्हणाली. "चहाला थांबले होते. फोन हातातच होता, आई. शाळेतल्या बाईंना दाखवायला तुमच्या कामाचे फोटो काढत होते."