चार वाजताचा समुद्र

आम्ही चौलला समुद्र बघायला गेलो, तेव्हा समुद्र जागेवर नव्हता.

सरकारी कचेरीतले साहेब नसतात, तसा. खुर्ची आहे, टेबल आहे, पंखा फिरतोय, फक्त साहेब नाहीत. इथे माडांची रांग होती, वाळू होती, कलंडलेल्या होड्या होत्या, आणि जिथे समुद्र असायला हवा तिथे लांबच लांब करडा चिखल! निमिष, तारा, तुम्ही फोनवर "ट्रिप कशी झाली?" विचारलंत तेव्हा मी "छान" म्हणून तुमच्या परीक्षांकडे वळले. फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नाही. म्हणून लिहिते आहे.

तुमच्या आजोबांनी सगळी नोकरी सोलापुरात इतिहास शिकवण्यात घालवली. दरवर्षी फळ्यावर ते चौलचं बंदर काढायचे. आपल्या शेजारच्या तेरहून कापड बैलगाड्यांत भरून घाट उतरायचं, चौलच्या बंदरात गलबतांवर चढायचं आणि थेट रोमला पोचायचं. गलबतं ते फार सुरेख काढत, शिडं फुगलेली आणि शेंड्यावर निशाण. समुद्र मात्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. (एकदा कामासाठी मुंबईला गेले होते. परतल्यावर मी विचारलं, समुद्र बघितला का? म्हणाले, वेळ नव्हता.)

गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदूमुळे त्यांचे दोन्ही डोळे कडेकडेनं मिटत आलेत. कुलपाच्या भोकातून खोलीत पाहावं, तेवढंच समोरचं दिसतं, आणि तेही आता फार काळ दिसणार नाही. घरी आल्यावर चहाचा कप चाचपडत म्हणाले, "चौल बघून घेतो."

झालं. तुमची आजी कामाला लागली.

सोलापुरात पाण्याची वेळ विचारल्याशिवाय कुणी काही ठरवत नाही, साखरपुडासुद्धा नाही. नळाला कोणत्या दिवशी, किती वाजता पाणी, हे आधी. बाकीचं आयुष्य मागून. त्याच सवयीनं मी चौलला लागून असलेल्या रेवदंड्याच्या एका घरगुती लॉजच्या मालकीणबाईंना फोन लावला आणि विचारलं, तुमच्याकडे समुद्राला पाणी किती वाजता असतं? बाई म्हणाल्या, आत्ता आहे की, तुडुंब भरलाय, माडांच्या मुळाशी आलाय. मी घड्याळ पाहिलं. दुपारचे चार.

"रोज येतं ना? की दिवसाआड?" मी खात्री करून घेतली.

"रोज. दिवसातनं दोनदा."

दोनदा! काही गावांचं नशीबच वेगळं.

पुढच्या आठवड्यातला दिवस ठरला. बरोबर चारला किनाऱ्यावर पोचायचं, अशा बेतानं पहाटे निघायचं. कडक भाकरी, शेंगाचटणी, सोलापुरी चादर, आजोबांसाठी घडीची खुर्ची, आणि पाच-पाच लिटरचे पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन. (समुद्राला जाताना पाणी कशाला, असं मनात येत असेल तर तुम्ही सोलापूर विसरलात.) गाडी मल्लिनाथची. हा अक्कलकोटकडचा, आजोबांचा जुना विद्यार्थी. इतिहासात त्यानं आजोबांच्याच हातून दोनदा नापास होण्याचा मान मिळवलेला. शिवाय केमहून वन्सं आल्या, आजोबांची धाकटी बहीण. दादाचे डोळे जायच्या आत दादाबरोबर कुठंतरी जायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. वाटेत हे त्या तीनदा म्हणाल्या.

चारला आम्ही हजर होतो. आभाळ भरून आलेलं. वारा नाही. आणि समोर तो चिखल.

"काय दिसतंय?" आजोबांनी विचारलं. त्यांच्या त्या भोकातून त्यांना नुसतं पांढुरकं दिसत होतं.

मी गप्प बसले. वन्संना गप्प बसणं जमत नाही.

"चिकल हाय, दादा. लई चिकल हाय."

आजोबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "बंदर गाळानं भरत गेलं, हे मीच शिकवायचो. उशीर झाला आपल्याला."

"किती उशीर, सर?" मल्लिनाथनं हळूच विचारलं.

"तीनेकशे वर्षं. तुझ्या पेपरात होतं ते."

त्यांचा चेहरा मला पाहवेना. एवढ्या लांब आणून मी त्यांना काय दाखवलं, तर चिखल. पार लांब, क्षितिजाशी एक बारीक राखाडी रेघ हलत होती. मी ठरवलं, समुद्र येत नसेल तर आपण समुद्राकडे जाऊ! आजोबांना एवढं चालवणार नव्हतं, म्हणून मल्लिनाथला म्हटलं, गाडी घाल खाली. त्यानं वाळूवर पाय आपटून पाहिला आणि म्हणाला, घट्ट हाय की अज्जी, आमच्याकडं तळं आटलं की तळातनं ट्रॅक्टर जातोय. तेही खरंच होतं. आटलेलं पाणी पावसाळ्याशिवाय परत येत नाही, हे आम्हा चौघांनाही लहानपणापासून पक्कं ठाऊक!

गाडी पार होड्यांपर्यंत गेली; त्यापुढे चिखल मऊ होता. खुर्ची मांडली, आजोबांचं तोंड बरोबर होड्यांकडे केलं, खांद्यावर चादर टाकली. होड्या चिखलात एका कुशीवर पडल्या होत्या, आजारी जनावरं पडावीत तशा. आम्ही भाकरी मोडल्या. कुणाला भूक नव्हती. कडक भाकरीचा आवाज तेवढा होत राहिला. किती वेळ बसलो कोण जाणे.

"वैनी," वन्सं म्हणाल्या, "पाय वलं झालं."

मी म्हटलं, गारठ्यानं तसं वाटत असेल.

"गारठा घोट्यापतुर आलाय."

मी खाली पाहिलं. पाणी! समोरून नव्हे, ते आमच्या मागून, किनाऱ्याच्या बाजूनं, एका खळग्यातून बिनबोभाट येऊन बसलं होतं. किनारा पलीकडे, आम्ही अलीकडे. मल्लिनाथ गाडीकडे धावला. त्यानं चावी फिरवली, चाकं फिरली आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी खाली गेली. मी त्याला मागे घे म्हटलं, तर ती मागे जायच्या ऐवजी खाली गेली. मग मी शिस्तीनं विचार केला. अशा वेळी सर्वांत मौल्यवान वस्तू आधी वाचवावी. मी डिकी उघडली आणि पाण्याचे कॅन काढले!

पाणी पोटऱ्यांना लागलं होतं. दोन्ही कॅन छातीशी कवटाळून मी आजोबांपुढे जाऊन उभी राहिले आणि त्यांना उठायला सांगू लागले. ते हलेनात.

"आलं का ते?" त्यांनी विचारलं.

"आलं. उठा आता."

"मला बघू दे."

मागून वन्संचा आवाज आला. इतका मऊ आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "दादा, व्हड्या उटाय लागल्यात बग."

मी वळून पाहिलं. खरंच. पाणी होड्यांच्या पोटाखाली शिरलं होतं, आणि एकेक होडी कुशीवरून हलके सरळ होत होती. आधी एक, मग तिच्या शेजारची. गाळानं मेलेलं ते बंदर उठून बसत होतं. मला असं वाटलं की फळ्यावरची ती सगळी गलबतं आज इथे आलीत. मी तशीच बघत उभी राहिले. मग लाट आली, मी आजोबांच्या मांडीवर आदळले आणि त्यांचा चष्मा समुद्रात गेला.

पुढचं थोडक्यात. कोळ्यांनी आमची बोंब ऐकली. दोघांनी आजोबांना खुर्चीसकट उचलून किनाऱ्यावर नेलं, वन्संना एकानं हात दिला, आणि गाडीला दोर लावून कुणाच्या तरी ट्रॅक्टरनं ओढून काढलं. लॉजच्या बाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मी कडक आवाजात म्हटलं, तुम्ही चार वाजता सांगितलं होतं. "अहो, ते त्या दिवशीचं," त्या म्हणाल्या. "भरती रोज पुढं सरकते. आठवड्यानं त्याच वेळेला ओहोटी लागायचीच. हे कुणाला सांगावं लागतं, असं मला माहीत नव्हतं."

त्या संध्याकाळी पडवीत आजोबा कोरड्या लुंगीत बसले होते. नव्या चष्म्याचा आता उपयोग नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी विचारलं, होड्या उठताना दिसल्या का? त्यांनी नुसता माझा हात शोधून काढला आणि धरून ठेवला.

दिवाळीच्या आत ते भोकही मिटलं. आता उजेड-अंधार एवढंच कळतं. पण घरी कुणी आलं की ते चौल सांगतात. परवा मल्लिनाथ आला, त्यालाही सांगितलं, जणू तो तिथे नव्हताच.

"बंदर भरलं होतं. गलबतं उठत होती, असं आमची बहीण सांगते," ते म्हणाले. "मी पाहिली नाहीत. माझ्यापुढे सोलापूरची एक बाई उभी होती. पोटरीभर समुद्रात, पाणी भिजू नये म्हणून पाण्याचे दोन कॅन छातीशी धरून."

मल्लिनाथ हसून हसून वाकला. मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथे जरा जास्तच वेळ थांबले. आयुष्यभराचा त्यांचा समुद्र, आणि मी त्याच्यापुढे भिंतीसारखी उभी! मग बाहेर येऊन विचारलं, "म्हणजे तुम्ही काहीच बघितलं नाही?"

"बघितलं की," ते म्हणाले. "सगळं भोक भरून बघितलं."

राहता राहिले ते कॅन. ते मी उघडले नाहीत, भरलेलेच सोलापूरला परत आणले. घरी पोचलो तर आमच्या गैरहजेरीत नळाला पाणी येऊन गेलेलं! पुढची पाळी येईपर्यंत आम्ही दोघं तेच पाणी प्यायलो. तेव्हा मुलांनो, आजीला वेळ कळत नाही असं खुशाल म्हणा, पण आजीला पाणी कळत नाही असं म्हणू नका.