वाढत्या अंगाचं वल्हं

मुलीचं वल्हं मी वाढत्या अंगाचं घेतलं. एवढं एक वाक्य लिहायला मला वर्ष लागलं, कारण ते लिहिलं की पुढचंही सगळं लिहावं लागतं.

आमच्याकडं मुलांचं सगळंच वाढत्या अंगाचं घेतात. गणवेशाला शिंपी आतून चार बोटं कापड सोडतो, बुटांत पुढं कापूस कोंबतात. कळंबच्या बाजारात दुकानदार न विचारता एक माप मोठं काढून देतो. मीही तेच केलं. मुलगी तेरा वर्षांची, अंगानं बारीक. तिच्यासाठी मागवलेलं वल्हं मात्र पुऱ्या वाढलेल्या पुरुषाचं होतं, जाड दांड्याचं, दोन्ही टोकांना रुंद पाती. दोन-तीन वर्षांत तिला बरोबर येईल, असं मी धरून चाललो.

मला कळत नव्हतं असं नाही, आणि तेच सगळ्यात वाईट आहे. लष्करात मी काही वर्षं होड्यांच्या तुकडीत होतो. तिथले आमचे उस्ताद पहिल्या दिवशी कुणालाच पाण्यात सोडत नसत. भिंतीला टेकवून जमिनीवर बसवायचे आणि बैठकीची उंची मोजायचे. हात पसरायला लावायचे, खांद्यांची रुंदी बघायचे. मग दांडा मुठीत द्यायचे. बोटं फिरून अंगठ्याला टेकली नाहीत, तर ते वल्हं परत. एक सडपातळ जवान मोठ्या पात्यासाठी हट्ट धरून बसायचा. उस्ताद त्याला सांगायचे, जेवढं पातं मोठं तेवढं पाणी तुझ्या खांद्याला लटकणार. दहा हात मारशील, अकराव्याला आईला हाक मारशील. आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो.

निवृत्त होऊन कळंबला आलो, पहारेकऱ्याची नोकरी धरली आणि एक जुनी कयाक विकत घेतली. कयाक म्हणजे एकट्यानं पाय लांब करून बसायची अरुंद, हलकी नाव. रविवारी सकाळी ती टेम्पोत घालून आम्ही बापलेक मांजरा धरणाच्या फुगवट्यावर जायचो. आठवडाभर मुलगी त्याच दिवसाची वाट बघायची.

महिन्याभरात ती म्हणाली, "पप्पा, हात लई भरून येतात."

"सवय नाही म्हणून."

"दांडा धरताच येत नाही नीट. आणि नावेच्या कडेला बोटं घासतात."

"अंग वाढलं की बरोबर बसेल."

वल्हवताना तिचे खांदे कानापर्यंत चढत. मी काठावरून बघायचो आणि ओरडायचो, "खांदे खाली!" लांब दांडा, आखूड धड. खांदे खाली येणार कसे?

उन्हाळ्याच्या सुट्टीतला रविवार होता. निघायलाच उशीर झाला होता. ती काठापासून दोनेकशे मीटर आत गेली असेल, तेवढ्यात मागच्या बोडक्या माळावरून वारा सुटला. काठाकडून आत वाहणारा. ती परत फिरली, पण पाण्याबाहेरचं पातं वर गेलं की वारा ते मागं ढकलत होता. एवढं लांब वल्हं आणि एवढं रुंद पातं तिला आवरेना. ती हात मारत होती आणि नाव माझ्यापासून लांब चालली होती.

मी ओरडलो, "जोर लाव! उजवा हात ओढ!"

तिनं ओढला. आजवर मी सांगितलेलं तिनं कधी टाळलं नाही. आणि मग उजवा हात खाली पडला. ओल्या टॉवेलसारखा, नुसता लोंबता. वल्हं निसटून वाहत गेलं. नाव वाऱ्याला आडवी झाली आणि उलटली.

तिच्या अंगात लाइफ जॅकेट होतं. हे मला माहीत होतं, मीच त्याचे पट्टे आवळले होते. तरी ते नारिंगी डोकं एका लाटेआड गेलं आणि वर आलंच नाही असं मला वाटलं, तेव्हा माझे पाय जागचे हलेनात. किती वेळ, सांगता येणार नाही. पोहणारा माणूस मी, आणि गुडघाभर पाण्यात उभा होतो. मग कपड्यांसकट उडी घेतली. पोहताना ती दिसत नव्हती. फक्त आवाज येत होता, "पप्पा, हात! पप्पा, हात!" थोड्या वेळानं तोही थांबला.

माझ्या आधी तिच्यापर्यंत पोचला तो एक मासेमार. थर्माकोलच्या तराफ्यावर मांडी घालून बसलेला, दोन हातांत वल्ह्यासारखी दोन फळकुटं. त्यानं तिला डाव्या काखेतून धरलं आणि मला तराफ्याची दोरी पकडायला सांगितलं. काठावर आल्यावर ती थरथरत होती, ओठ निळे, पण डोळे उघडे होते. वल्हं वाहत काठाच्या झुडपात अडकलं होतं. त्यानं ते उचललं, वजन बघितलं.

"साहेब, ही काय लेकराच्या हातात द्यायची चीज हाय व्हय?"

मी तिच्या जॅकेटचे पट्टे सोडत राहिलो.

"माज्या बायकोची फळकुटं वायली, माजी वायली. तिचा पंजा बारका हाय. माजी तिला दिली तर दोन दिसांत मनगट सुजतंय." मग मुलीकडं वळून म्हणाला, "भिऊ नगंस, बाई. तुजा बापच जास्त भ्यालाय."

दवाखान्यात डॉक्टरांनी निखळलेला खांदा बसवला. ती किंचाळली ते मी बाहेरच्या बाकावर ऐकलं. मग डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं हे?"

मी म्हणालो, "वाऱ्यात लांब गेली. ऐकत नाही."

ती माझ्यासमोरच होती, हात गळ्यात बांधलेला. तिनं मान खाली घातली. डॉक्टर म्हणाले, या वयात एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळू शकतो, जपा. त्यानंतर ती शिंकली तरी मी तिच्या खांद्याकडं बघायचो.

पुढचा महिनाभर बायको रोज तिची वेणी घालायची आणि बोलायची, "वडलांचं ऐकायला काय जड जातं गं तुला?" मी शेजारच्या खोलीत पेपर धरून बसायचो. रोज वाटायचं, आज सांगू. सांगितलं तर पोरगी आणि बायको दोघी माझ्याकडं कशा बघतील, या भीतीनं तोंड उघडायचं नाही.

हात गळ्यातून सुटला त्या आठवड्यात मी शिंप्याची टेप घेऊन तिला भिंतीला टेकवून बसवलं. बैठकीची उंची घेतली, खांद्यांची रुंदी घेतली. जुन्या वल्ह्याचा दांडा तिच्या मुठीत दिला. बोटांत आणि अंगठ्यात दोन बोटांचं अंतर राहिलं.

बायको दारात उभी होती. "अहो, आता कशाला मापं?"

"आधी घेतली नव्हती म्हणून. हिची काही चूक नव्हती. वल्हं मोठं होतं. मला माहीत होतं. डॉक्टरांना मी खोटं सांगितलं."

बायकोनं आधी मुलीकडं बघितलं. मग म्हणाली, "आणि महिनाभर मी हिला बोलतेय, ते तुम्ही ऐकत बसलात?"

मी मुलीला विचारलं, "तू का नाही सांगितलंस आईला?"

ती दांड्यावरून बोटं फिरवत होती. "सांगितलं असतं तर तुमचं भांडण झालं असतं. मग तुम्ही मला परत नेलंच नसतं."

बुडता बुडता वाचलेलं माझं लेकरू पाण्याला भ्यालं नव्हतं. रविवार जाईल म्हणून भ्यालं होतं, आणि त्या भीतीपायी माझं खोटं मुकाट्यानं स्वतःच्या अंगावर घेऊन बसलं होतं. तिनं आणखी काय काय असं गिळलं असेल, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

"नेणार ना पण?" तिनं विचारलं.

बायको माझ्याकडं बघत होती. मी हो म्हणालो. तिच्या पंजाचं माप राहिलं होतं, ते घ्यायला टेप पुन्हा उलगडली. मुलीनं जुना दांडा खाली ठेवला आणि पंजा पुढं केला.