पंच्याहत्तरीचा गणपती

खून पाहिले, दरोडे पाहिले, खाडीत तरंगणारी प्रेतं पाहिली. पण कोणी जुन्या केसबद्दल विचारलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी येतात त्या रबराच्या पिशव्या. हसू नका. तेव्हा आमचे वरिष्ठही हसले होते आणि मला त्यांचा फार राग आला होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पेण ठाण्यात फौजदार होतो. शिमगा तोंडावर आलेला, मी बंदोबस्ताची वाटणी करत बसलो होतो. तेवढ्यात हमरापूरचे एक वयस्क मूर्तिकार बायकोला घेऊन आत आले. सगळा गाव त्यांना काका म्हणायचा, म्हणून मीही काकाच म्हणतो. त्यांचे दोन्ही हात थरथरत होते. मला वाटलं, भीतीने.

"सायेब, माझी पेन्शन चोरीला गेली," काका म्हणाले.

ठाणे अंमलदाराने विचारलं, "पोस्टातून?"

"नाय. माळ्यावरून."

अंमलदार हसला. मी त्याला गप्प केलं आणि काकांना बसवलं. मग जे कळलं, ते असं.

काका उभ्या आयुष्यात कधी सरकारी नोकरीत नव्हते. त्यांना ना फंड, ना पेन्शन. मूलबाळ नाही. पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या हाताला कंप सुरू झाला. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या माणसाचा हात हलायला लागला म्हणजे त्याचा धंदा बसलाच. काका रडत बसले नाहीत. हात जरा बरा असेल त्या दिवशी ते मातीत नवा गणपती घडवायचे, बाजारात कधी न आलेला. त्यांचा जुना कारागीर त्यावर रबराचे थर चढवून पिशवीसारखा साचा काढायचा. मग काका मातीची मूळ मूर्ती पाण्यात विरघळवून टाकायचे, कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून. साचा पावडर लावून, फडक्यात गुंडाळून माळ्यावर. प्रत्येकावर एक आकडा.

"आकडा कसला?" मी विचारलं.

"माझ्या वयाचा. सत्तरीपासून धंदा बंद करायचा आणि दर साली एकच साचा एका कारखान्याला द्यायचा. नवा गणपती म्हटल्यावर वाटा चांगला मिळतो. पुढच्या साली सगळेच त्याची नक्कल करतात, मग त्याला कोण विचारतो? म्हणून दर साली एक."

"काका, किती वर्षं जगायचं ठरवलंय?"

"ऐंशीपर्यंत केलेत. मी आधी गेलो तर उरलेले हिला होतील."

काकी पदराचं टोक चावत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ह्यांना, थोडं सोनं घेऊन ठेवू. तर म्हणतात, सोनं चोरीला जातं."

मी बऱ्याच जणांच्या फिर्यादी घेतल्या आहेत, पण पुढची अकरा वर्षं चोरीला गेलेला माणूस मी तो पहिलाच पाहिला. आणि घाई अशी, की चोराने ते सगळे गणपती एकदम बाजारात आणले तर साचे परत मिळूनही उपयोग नव्हता. साऱ्या जगाने पाहिलेला गणपती नवा राहत नाही.

हमरापूरला जाऊन पंचनामा केला. नवरा-बायको नागोठण्याला एका लग्नाला गेले होते, तेवढ्यात काम झालं होतं. कडी-कोयंडा शाबूत. माळ्यावर वापरलेले जुने साचे तसेच पडलेले, गेले होते फक्त आकड्यांचे. म्हणजे घरचा भेदी होता. मुद्देमालाची किंमत लिहायची वेळ आली. हवालदाराने रबराचा भाव धरून दोनशे रुपये लिहिले. काकांचा चेहरा पडला.

"दोनशे? माझ्या म्हातारपणाचे दोनशे?"

"वस्तूचा भाव लिहावा लागतो, काका. तुमच्या वयाचा भाव कायद्यात नाही." मी हे जरा तोडूनच बोललो.

कारागीर तिथेच होता. चाळिशीचा, अंगाने काटक, बोलायला कमी. लहानपणापासून काकांकडे रोजावर होता. त्यानेच आम्हाला चहा आणून दिला. चोरीच्या दिवशी कुठे होता विचारलं, तर म्हणाला, रोह्याला बहिणीकडे. हवालदाराने बहिणीकडे चौकशी केली. ते खरं निघालं. माझ्या मनातून तो गेला नाही, पण हातात काही नव्हतं. आसपासचे कारखाने तपासले, खबऱ्यांना कामाला लावलं. सगळीकडे नन्नाचा पाढा.

आणि मग रोहा ठाण्यातून फोन आला. तिथला हवालदार माझ्या ओळखीचा होता.

"साहेब, तुमच्या गणपतीची चोरी आहे ना? आमच्या नदीत गणपती सापडलाय."

कुंडलिका वरच्या वीजघराचं पाणी सुटलं की भरते आणि ते थांबलं की उतरते. पाणी उतरल्यावर कपडे धुणाऱ्या एका बाईला गाळात प्लास्टरची सोंड दिसली. आदल्या सकाळी तिने एका माणसाला तिथेच काही सोडताना पाहिलं होतं. शिमग्याच्या आधी गणपती बुडवणारा हा कोण, म्हणून ती सरळ ठाण्यात आली होती.

मी जीप काढली. ओळख पटवायला काका हवेतच. कारागिराला म्हटलं, "तूही चल, काकांना धरायला कोणीतरी पाहिजे." तो म्हणाला, "मी कशाला, सायेब? कारखाना उघडा राहील." काकीच म्हणाल्या, "मी बसते की रे, जा तू." मग तो जीपमधे चढला. रोह्यापर्यंतच्या रस्त्यात खड्डे आले की तो काकांना दोन्ही हातांनी धरत होता. मी आरशातून बघत होतो.

ठाण्याच्या पायरीवर ती बाई बसली होती. आम्ही उतरलो आणि ती ताडकन उठली.

"ह्योच! ह्योच गो बाई! हळदकुंकू वाहून पाया पडत होता. मी म्हटलं, येडा हाय का काय हा!"

"बाई चुकत्येय," कारागीर म्हणाला. एवढंच.

आत टेबलावर गोणपाटात ते तुकडे होते. काकांनी सोंडेचा तुकडा उचलला, अंगठ्याने त्याची वळी चाचपली आणि मटकन खाली बसले. "माझी पंच्याहत्तरी," ते म्हणाले. "सायेब, हा माझ्या पंच्याहत्तरीचा. ह्याची सोंड घडवायला मला चार महिने लागले." म्हातारा माणूस हुंदके देऊन रडत होता आणि ठाण्यातल्या आम्हा सगळ्यांना कुठे बघावं कळेना. मी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं.

मग चौकशी सुरू झाली. रोह्याचा हवालदार ओरडला, टेबलावर आपटला, आत टाकण्याची भीती घातली. कारागीर भिंतीकडे बघत उभा. मी समजावलं, चहा मागवला. त्याने चहाला हात लावला नाही. बाहेर ऊन चढत होतं. साचे कुठे आहेत हे ह्या एका माणसाला माहीत होतं आणि तो दगड होऊन बसला होता.

जबाबाचे कागद पसरायला जागा हवी म्हणून हवालदाराने टेबलावरचं गोणपाट उचलून जमिनीवर ठेवलं, आपल्या बुटाशेजारी. त्याच्या मनात काही नव्हतं.

"तिथं नको, सायेब!"

इतका वेळ मुका असलेला माणूस ओरडला. पुढे झाला, खांद्यावरचा टॉवेल काढून बाकावर पसरला आणि एकेक तुकडा उचलून त्यावर मांडायला लागला. गणपतीचा हात, कान, सोंड. मी हवालदाराला खुणेने थांबवलं.

"हे विसर्जन तूच केलंस," मी हळूच म्हटलं.

"घाईत साचा सोडवला, ओलाच होता, तुटला," तो तुकड्यांकडे बघत म्हणाला. "व्यापारी बोलला, मागे झुडपात टाकून दे. गणपती कसा टाकू, सायेब?"

"आणि काकांचं चोरून न्यायला बरं जमलं?"

त्यावर तो पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलला. "प्रत्येक साच्याचं रबर मी चढवलंय. दोन-तीन सालांनी ते कडक होतं, तेव्हा परत नवं मीच चढवणार. काकांनी ऐंशीपर्यंतची सोय केली, काकींची केली. मी एकदा विचारलं, माझं काय? म्हणाले, तुला हात हायत. हात किती सालं पुरणार, सायेब? ह्यांचे हात मी रोज बघतोय."

वाद घालायला वेळ नव्हता. "साचे कुठे आहेत?"

"नदीपलीकडे अष्टमी गावात, भातगिरणीमागच्या शेडमधे. त्या दिवशी साच्यांचं पोतं घेऊनच बहिणीकडे आलो होतो. एकेक मूर्ती काढलीय. दुपारी टेम्पो मुंबईला निघायचाय, व्यापाऱ्यांना दाखवायला."

दुपार झालीच होती. जीप पुलावरून नेताना पुढे बैलगाडी आली, तेव्हा हवालदाराने ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येत नाहीत. शेडपाशी पोहोचलो तर टेम्पो चालू, फाळका लावलेला. मी जीप आडवी घातली. व्यापारी "साहेब, धंद्याचा माल आहे" म्हणत पुढे आला, त्याला आधी बाजूला केलं. फाळका पाडला. आत पेंढ्यात दहा पांढरे गणपती बसले होते, एकसारखा एक नाही. काका जीपमधून उतरून आले, त्यांच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सगळे एकदम मीपण कधी बघितले नव्हते." साचे शेडमधे पोत्यात मिळाले, पंच्याहत्तरीचाही. मोडली होती ती मूर्ती. साचा धड होता.

परतताना काका माझ्याशी बोलले नाहीत. कारागिराशी बोलले. "रबर तू चढवलंस, ते खरं हाय," एवढंच मी ऐकलं.

केस कोर्टात गेली. काकांनी तडजोडीचा अर्ज द्यायचं ठरवलं. नोकराने केलेली चोरी तेव्हा अगदी किरकोळ रकमेची असेल तरच कोर्टाच्या परवानगीने मिटवता यायची. वकिलाने पंचनामा वाचला आणि म्हणाला, दोनशे आहे, बसतं. काका माझ्याकडे वळले. "सायेब, भाव बरोबरच लिहिलात तुम्ही." चोरीचा माल घेणाऱ्या व्यापाऱ्याची गय मात्र मी केली नाही. त्याचा खटला वेगळा चालला. साचे परत माळ्यावर गेले, ह्या खेपेला कारागिराशी वाटा अर्धा-अर्धा ठरवून.

माझी बदली झाली. पुढे मी निवृत्त झालो. पहिल्या तारखेला माझी पेन्शन बँकेत येते आणि तेव्हा दरवेळी मला ती केस आठवते. म्हातारपणाची सोय प्रत्येकाने करावीच, सरकार देईल न देईल ह्याच्या भरवशावर बसू नये, हे मी भेटेल त्याला सांगतो. पण आपल्या शेजारी राबणारा माणूसही म्हातारा होणार आहे, हे आपण विसरतो. काकांचा हिशेब सगळा बरोबर होता, त्यात एक माणूस धरायचा राहिला होता.

नोकरीत असतानाच एका वर्षी श्रावणात कामासाठी पेणला गेलो होतो, तेव्हा हमरापूरला डोकावलो. काका दोन वर्षांपूर्वी गेल्याचं तिथेच कळलं. कारागीर आखणी करत होता, चष्मा लागला होता त्याला. भिंतीला ओळीने एकाच घडणीचे गणपती मांडलेले. मी जवळ गेलो. सोंडेची ती वळी मी ओळखली. गाळातून काढलेल्या तुकड्यावर काकांचा अंगठा फिरताना पाहिली होती.

"ह्या सालचा?" मी विचारलं.

काकी आतून पाणी घेऊन आल्या. मला ओळखून हसल्या आणि रडल्याही.

"व्हय, सायेब. आज असते तर पंच्याहत्तरचे झाले असते. ते थांबले नाय, पण त्यांचं वरीस आलं बघा."

मी त्यातला एक गणपती घरी नेला. कारागिराने तो माझ्या हातात देताना खाली स्वतःचा टॉवेल घातला आणि तो टॉवेल काही परत घेतला नाही.