चार आण्याला एक हात

एकोणीसशे साठच्या सुमारास मी बंगळूरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो. दिवसभर महागाई समजावून थकलो की चिकपेटमधून पायी घरी यायचो. तिथे वळणावर एक फूलवाली बसायची. जुन्या मराठी घरातली, पण बोलण्यात निम्मं कन्नड. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मोगऱ्याची माळ मोजायची आणि एक हात चार आण्याला द्यायची. सगळं महागलं तरी हिचा भाव तोच, हे मी वर्गात कौतुकाने सांगायचो.

एकदा बायको म्हणाली, "अहो, हल्ली माळ अंबाड्याला पुरत नाही."

दुसऱ्या दिवशी मी नीट पाहिलं. माळ कोपरापासून नव्हे, चांगली चार बोटं अलीकडून मोजली जात होती.

"अक्का, तुमचा हात लहान झाला की!"

ती हसली नाही. दमलेल्या आवाजात म्हणाली, "काय करू अण्णा? मोगरा महागला. भाव स्वल्प वाढवला तरी बायका उठून जातात. हात आखडला तर कोणी विचारत नाही. तुम्हीच पहिले."

मी काय शिकवतो, हे तिला सांगायचं धाडस झालं नाही.

घरी आलो. बायकोने कॉफी आणली. घरखर्चाला मी कित्येक वर्षं तेवढेच पैसे देत होतो आणि तिने कधी जास्त मागितले नव्हते. माझा पेला काठोकाठ भरलेला होता. तिचा मी त्या दिवशी पहिल्यांदाच वाकून पाहिला. अर्धाच होता.