यमनाक्काचा रिकामा माळ

सकाळचे अकरा. तासगावच्या पूर्वेचा एक खडकाळ माळ. मंडपात सरकारी शिबिर : ‘पडीक जमिनीतून उत्पन्न’. साहेबांचं भाषण संपलं आणि माळाची मालकीण, मेंढपाळ यमनाक्का, पदर खोचून उठली.

“सायेब, लय ग्वाड बोललासा. आता मंडपाच्या जागंचं भाडं टाका!”

साहेबांनी खिशातून दिलं!

अशा गोष्टी बातमीदाराच्या वहीत मागच्या पानांवर साठतात. पुढच्या पानांवर मंत्र्यांचे दौरे असतात. माझी मागची पानं या एका बाईनं भरलीत. माळ कुणालाही भाड्यानं देताना तिची अट एकच : माझी साठ मेंढरं इथंच चरणार. त्यांना दुसरं रान नाही.

मी एकदा बातमीत ‘ओसाड माळ’ असं लिहिलं. तिनं बोलावून घेतलं आणि भाड्यानं दिलेल्या शेडमध्ये उभं केलं. जाळ्यांवर बेदाणा वाळत होता.

“वल्या रानात वाळवून दावा की! ह्यो कोरडा वारा कुटं मिळतो? म्हणं वसाड!”

मी माफी मागितली. संपादकांनी अजून मागितलेली नाही.

गावातले निवृत्त सुभेदार भरतीच्या पोरांना पळवायला जागा शोधत होते. आक्का म्हणाली, “पळवा. पैसं नकोत. पर आदी दर गड्यानं पाटीभर दगडं येचायची.” सुभेदारांना वाटलं, वॉर्म-अप झाला! दोन वर्षांत माळ मोकळा झाला. त्याच दगडांचा उताराला बांध पडला, पाणी अडलं, गुडघाभर गवत आलं. पाणी अडवल्याचे बोर्ड मी तालुकाभर पाहिलेत. अडलेलं पाणी इथं पाहिलं!

मग सोलर कंपनीचा इंजिनिअर नकाशा घेऊन आला. पॅनल मांडीएवढ्या उंचीवर.

“आन् मेंढरू खालनं कसं जाणार?”

“आजी, डिझाइन फिक्स आहे.”

आक्कानं कळपातला सगळ्यात उंच मेंढा आणून खांबाशेजारी उभा केला. “लावा टेप.”

त्यानं खरंच टेप लावला! शिंगांच्या वर वीतभर, अशी नवी उंची ठरली. कुंपणाचं दार दिवसभर मेंढरांसाठी उघडं राहील, हेही करारात आलं. शिवाय पॅनलखालचं गवत काढायचा ठेकाही तिनंच घेतला. खातात मेंढरं, बिल लावते आक्का!

गेल्या महिन्यात कंपनीनं त्याच दाराला कुलूप घातलं. कुणाच्या हुकमानं? साइट म्हणाली ऑफिसला विचारा, ऑफिस म्हणालं साइटला. मी कराराची प्रत घेऊन भांडायला गेलो.

इंजिनिअर कपाळाला हात लावून दाराशी उभा, शेजारी आक्का. कुलूप जागच्या जागी. किल्ली पुण्याच्या ऑफिसात. कुंपण मी स्वतः फिरून पाहिलं, एक तार ढिली नाही.

“आक्का, हे कसं झालं?”

“मला काय ठावं बाबा! मी तासगावच्या बाजारात हुते.”

आत पॅनलच्या सावलीत मेंढरं निवांत रवंथ करत बसली होती. मी मोजली. साठ.