कोऱ्या संगणकावरची आई

ऑफिसात तिला सगळे शंकाबाई म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. वाटायचं कशाला? पोटच शंकेवर चालत होतं! संगणकावर केलेली चित्रं ब्लॉकचेनवर खरोखर पूर्ण चढली आहेत का, हे ती तपासायची. ब्लॉकचेन म्हणजे जगभरच्या असंख्य संगणकांनी मिळून जपलेली नोंद. एकदा पक्की झाली की कुणाच्या बापाला खोडता येत नाही. पण अख्खं चित्र चढवायचं म्हणजे खर्चाचं काम. मग लोक चित्र ठेवतात भाड्याच्या एखाद्या संगणकावर आणि ब्लॉकचेनवर लिहितात नुसता त्याचा पत्ता. भाडं थांबलं की चित्र गुल, पत्ता मात्र अजरामर. असले पत्ते बघून बघून तिचा जगावरचा विश्वासच उडाला होता. भाजीवाल्याने "ताजी आहे" म्हटलं तरी ती देठ मोडून बघायची.

त्यात या वेळी चित्र तिच्या थोरल्या बहिणीचं. खिडकीपाशी शिलाई मशीनवर वाकलेली त्यांची आई. चाक फिरतं, कापड सरकतं, मधेच आई मान वर करून बघते. आई गेल्यापासून ताई या चित्रामागे लागली होती. "मी नसले तरी ती दिसत राहिली पाहिजे," एवढंच तिचं मागणं.

"अहो, सगळं आत आहे," चित्र ब्लॉकचेनवर चढवणारा गॅलरीवाला फोनवर म्हणाला. "उद्या कुलूप लावतो, मग कुणालाच बदल करता येणार नाही. तुमचा 'पूर्ण' असा शेरा आला की झालं."

एवढी घाई? तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने लगेच आपल्या संगणकावर चित्र उघडलं. आईने मान वर केली आणि शंकाबाईचे डोळेच भरून आले. तिने 'पूर्ण' लिहून टाकलं. आपला तो बाब्या, दुसरं काय!

चहा घेताना मात्र तिच्या लक्षात आलं. चाक, हात, खिडकीचा पडदा एकदम उमटले होते. मग चेहरा तेवढा किंचित मागाहून का आला? दुसऱ्याच्या चित्रात तिने हे तेव्हाच पकडलं असतं. कामाची रीतच होती: कोरा संगणक घ्यायचा, बाहेरची सगळी दारं बंद करायची आणि फक्त ब्लॉकचेनवर आहे तेवढ्यातून चित्र उभं करायचं. आज तिने तेच केलं नव्हतं. तिच्या रोजच्या संगणकाची दारं उघडीच होती; चेहरा बाहेरून कुठून तरी येऊन बसला असणार.

तिने कोरा संगणक लावला. पडदा हलला, चाक फिरलं. आईने मान वर केली. केसांखाली चेहऱ्याच्या जागी काहीच नव्हतं. तिने गॅलरीवाल्याला फोन लावला.

"अहो, चेहरा म्हणजे फोटो होता, जड होता, चढवायला फार महाग पडला असता," गॅलरीवाला म्हणाला. "आमच्याकडे आहे ना! आम्ही काय पळून जातोय?"

"सगळे असंच म्हणतात," म्हणत तिने फोन आपटला आणि शेरा खोडून तडक ताईचं घर गाठलं.

"चेहऱ्याला फोटो का घातलास गं? तो आत गेलाच नाही, बाहेरच राहिलाय."

ताईने मान खाली घातली. "बाकी सगळं रेषांनी जमलं. चेहरा काही केल्या जमेना. काढला की दुसरीच कुणी बाई दिसायची. त्या फोटोत तर ती हसतेय. आई कधी कामातून हसत वर बघायची का? पण करणार काय!"

"रेषा हलक्या असतात, आत मावतील. पण उद्या कुलूप लागायच्या आत चेहरा रेषांनी काढायला हवा."

"मला काय माहीत! गॅलरीवाला म्हणाला होता, सगळं आत जाईल."

"आणि तू ठेवलास विश्वास?" शंकाबाईने मान तिरकी करून एक भुवई वर चढवली.

ताई तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने न बघताच पेन्सिल चाचपून उचलली.

"हलू नकोस," ती म्हणाली. "अशीच बघत राहा. आई अशीच बघायची."