सतराव्या पानावरच्या खुणा

त्या पत्र्याच्या पेटीची आठवण निघाली की अजूनही माझा गोंधळ उडतो. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यातल्या बऱ्याच प्रकरणांची कलमंसुद्धा आता आठवत नाहीत. ती पेटी, तिच्यावर हक्क सांगणारी माणसं आणि ते सतरावं पान मात्र डोक्यातून जात नाही. नावं कुणाचीच देत नाही. एक जण सोडला तर सगळे हयात आहेत आणि एकमेकांशी बोलताहेत. ते तसंच राहावं.

मी तेव्हा मेहकर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळची हजेरी आटोपून मी चहा घेत होतो, तेवढ्यात बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलावर आवाज चढला. डोणगावचे एक सेवानिवृत्त शिक्षक तक्रार घेऊन आले होते. त्यांना पुढे गुरुजीच म्हणतो.

अंमलदार आत आला. "साहेब, चोरीचा माल काय लिहू? लहान लहान पुस्तकं म्हणतात. इंग्रजी चित्रांची. मी ‘जुनी, वापरलेली’ लिहिलं तं गुरुजी भडकले."

गुरुजींना आत बोलावलं. डोळ्याला काळा चष्मा होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस अकोल्याला मुलाकडे होते, परवा परतले. घरात एकटेच राहतात. घराचं कुलूप शाबूत, भांडीकुंडी जागच्या जागी, देवघरातली चांदीची वाटीही तशीच. गेली ती फक्त एक पत्र्याची पेटी.

"पेटीत काय होतं?"

"दोनशेच्या आसपास पुस्तकं. खिशात मावतील एवढी."

मग त्यांनी मला जे सांगितलं त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं. अमेरिकेत मोठ्या आकाराच्या रंगीत चित्रकथा निघत. त्यातल्या काही इंग्लंडमध्ये तळहाताएवढ्या करून पुन्हा छापत. मोठ्या पानावरची चित्रं कापून, मागंपुढं करून एका पानावर दोन दोन बसवायची आणि रंग काढून काळीपांढरी करायची. विमानं, रणगाडे, घोडेस्वार, हेर. ती पुस्तकं जुनी झाली की रद्दीच्या गठ्ठ्यात मुंबईला यायची आणि कशी कोण जाणे, खामगावच्या बाजारात पोचायची. शाळकरी वयात गुरुजींनी ती तिथून वेचली होती.

"यादी आहे का?"

"डोक्यात आहे," ते म्हणाले आणि एका पुस्तकाची गोष्टच सांगायला लागले. वाळवंटात एका गाडीत दोन सैनिक, दोघांचा गणवेश एकच, पण त्यातला एक शत्रूचा हेर. "चाळीसाव्या पानावर तो पकडला जातो साहेब. त्याच्या बुटाच्या खिळ्यांवरून." हे सांगताना त्यांचं बोट माझ्या टेबलावर ती पानं उलटत होतं. मला समोर पोरकं झालेलं माणूस दिसत होतं, आणि कारण दिसत होतं खिशातलं पुस्तक. मी बुचकळ्यात पडलो.

"ओळखायची खूण?"

"सतराव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, लाल शाईचा ठिपका. पहिली-शेवटची पानं फाटून जातात. सतरावं टिकतं. वाचून झालं की ठिपका द्यायचा, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा हातात आलं तर कळतं."

फिर्याद घेतली. ‘माझ्या मालकीची’ हे शब्द गुरुजींनी स्वतः सांगून लिहून घेतले. ते मी तेव्हा फारसे मनावर घेतले नाहीत.

घरी जाऊन पंचनामा केला. किल्ली आठही दिवस शेजारच्या बाईंकडे होती. तुळशीला पाणी घालायला त्या रोज कुलूप काढत. बीट जमादाराने त्यांना विचारलं, "कोणी अनोळखी माणूस आलता का इकडं?"

"नाई बापा. अनोळखी कोन येते इथं?"

जमादाराने जबाब लिहिला, बाईंनी सही केली. कुलूप शाबूत, किल्ली शेजारी, अनोळखी कोणी नाही, आणि पेटी गायब. मला आधी शंका आली ती गुरुजींचीच. वय झालंय, कुणाला देऊन विसरले असतील. पण दोनशे पुस्तकांच्या गोष्टी पान क्रमांकासकट सांगणारा माणूस पेटी विसरेल, हे काही पटेना.

चार दिवसांनी खबर आली. आमचा एक खबरी रद्दीचा धंदा करायचा. तो म्हणाला, "साहेब, साखरखेर्ड्याले एक टेलरमास्तर हायेत. मशीनजवळ तसली बारकी इंग्रजी पुस्तकं घेऊन बसतात. कोणी विचारलं तं हसतात फक्त. दोन वर्षांत मास्तर असे हसलेले म्या नाई पाहिले."

तिथल्या ठाण्याला कळवून आम्ही दुकानावर गेलो. पेटी मशीनखालीच होती, लपवलेली नव्हती. दोन पंचांसमोर उघडली. तीच पुस्तकं. सतराव्या पानावर लाल ठिपका. सत्तरीच्या त्या माणसाला भरबाजारातून जीपमध्ये बसवताना दुकानातली दोन गिऱ्हाइकं आपलं न शिवलेलं कापड उचलून निघून गेली. मास्तरांनी ते पाहिलं. गळ्यातली मोजपट्टी काढायचं मात्र त्यांच्या लक्षात राहिलं नाही. ठाण्यात आणलं तेव्हाही ती गळ्यातच होती.

"पेटी कुठून आली?"

"आली."

"कोणी आणली?"

"ज्यानं आनायची त्यानं आनली, साहेब."

"चोरी केली का?"

"आपल्याच वस्तूची चोरी कोन करते?"

हे उत्तर ऐकून माझा पारा चढला. मी टेबलावर हात आपटला. मास्तर दचकले आणि गळ्यातली मोजपट्टी बोटाभोवती गुंडाळू लागले. आरोपी खोटं बोलतो तेव्हा जास्त बोलतो, असा माझा अनुभव. हा माणूस काहीच बोलत नव्हता. कुणाला तरी सांभाळतोय असं वाटत होतं, पण कुणाला?

शेवटी ते एवढंच म्हणाले, "माह्यी बी खूण हाये. सतराव्या पानावर पाहा. उजव्या वरच्या कोपऱ्यात सुईचं भोक."

पुस्तक उजेडासमोर धरलं. भोक होतं. दुसरं धरलं, त्यातही होतं. गुरुजींचा ठिपका आणि मास्तरांचं भोक, दोन्ही जुनी. एका मालाचे दोन मालक, आणि दोघंही पुरावा देताहेत. हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, आता फिर्यादी कोन अन् आरोपी कोन?" मी त्याला गप्प बसवलं, कारण मलाही माहीत नव्हतं.

दुपारी गुरुजींना बोलावलं. मास्तरांना बाकावर बसलेलं पाहून ते दारातच थांबले. "तू?" एवढंच म्हणाले. मास्तरांनी मान फिरवली. बाहेर मास्तरांची सून जेवणाचा डबा घेऊन उभी होती. डबा आत पाठवला, तो तसाच राहिला.

मी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि स्वतः पेटी घेऊन खिडकीशी बसलो. एकेक सतरावं पान पाहत गेलो. लाल ठिपका, सुईचं भोक, आणि मधल्या घडीजवळ एक काळपट डाग. सगळ्या पुस्तकांत त्याच जागी. तो अंगठ्याचा ठसा होता, ऑइलने माखलेल्या अंगठ्याचा.

आधी मास्तरांना दाखवला. त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि डोळ्याला रुमाल लावला. "मिस्त्री हाये तो. एसटीच्या डेपोत होता, मेहकरले. दोन वर्षं झाली, गेला."

मग गाठ सुटायला लागली. शाळेत तिघं मित्र. पुस्तकं तिघांनी मिळून घेतलेली. पेटी प्रत्येकाच्या घरी एक एक वर्ष राहायची. आधी गुरुजी, मग मास्तर, मग मिस्त्री. पोळ्यानंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी ती घर बदलायची. तिचा एक कायदा होता. ज्याचं वर्ष संपलं त्यानं न्यायची नाही, ज्याची पाळी त्यानं मागायची नाही. उरलेल्या तिसऱ्यानं उचलायची, दुसऱ्याच्या दाराशी ठेवायची आणि कडी न वाजवता निघून जायचं. मोजायचं नाही, विचारायचं नाही. म्हणून एवढ्या वर्षांत भांडण झालं नव्हतं.

मिस्त्री गेला तेव्हा पेटी गुरुजींकडे होती. ती मास्तरांकडे नेण्याचं काम मिस्त्रीचंच होतं. नेणाराच उरला नाही, पेटी अडकली. गुरुजींनी ठरवून टाकलं की आता ही प्रथा संपली. मास्तरांना वाटलं, याला पेटी दाबायची आहे. बोलणं बंद झालं.

मी मास्तरांना विचारलं, "मग हे आधी काऊन नाही सांगितलं?"

"कसं सांगू? पोळ्यानंतरच्या बाजारी सकाळी दार उघडलं तं पेटी. मले वाटलं, यानंच आनून ठेवली. कायदा मोडून, पन आनली. मले लय बरं वाटलं, साहेब. मंग तुमी आले. म्हनलं, यानंच देल्ली अन् यानंच तक्रार केली? तसं सांगतलं असतं तं तुमच्यासमोर हा खोटा पडला असता."

हे मी गुरुजींच्या कानावर घातलं. "मी नेली नाही," ते म्हणाले. "न्यायला पाहिजे होती. आणि ‘माझ्या मालकीची’ हे मी तुम्हाला खोटं सांगितलं. लाज वाटली म्हणून."

चोर अजून शिल्लकच होता. आणि एक गोष्ट अजून सुटली नव्हती. खिडकीच्या तिरप्या उजेडात सतराव्या पानावर चौथी खूण दिसत होती. बाहेरच्या कडेला नखाने दाबलेली बारीकशी कोर. शाई नाही, डाग नाही. ती कुणाची, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

मी पुन्हा डोणगावला शेजारच्या बाईंकडे गेलो. या वेळी प्रश्न बदलला. "ओळखीचं कोण आलं होतं?"

"ओळखीचं? मिस्त्रीवहिनी आलत्या ना मेहकरहून. किल्ली मागतली, म्या देल्ली. आटोत पेटी ठेवली अन् गेल्या."

"हे आधी का नाही सांगितलं?"

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुमी अनोळखी विचारलं होतं. वहिनी अनोळखी हायेत का? त्या तं घरच्या हायेत."

इतकी वर्षं आम्ही तोच प्रश्न विचारत आलो होतो. त्या वेळी मला स्वतःचीच लाज वाटली.

मिस्त्रींच्या पत्नी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच ठाण्यात आल्या. मास्तरांना पकडल्याचं मेहकरपर्यंत पोचलं होतं. गुरुजींना मी पुन्हा बोलावलं होतं, त्यामुळे दोघंही मित्र समोर होते. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"पेटी म्या नेली. यांचं काम राह्यलं होतं, ते केलं. कडी वाजवायची नाई म्हनून वाजवली नाई."

"दोन वर्षांनी?" मी विचारलं.

"पयल्या वर्षी वाटलं, भाऊजी दोघं मिळून नेतील. नाई नेली. दुसऱ्या वर्षी बी वाट पाह्यली. मंग म्हनलं, पेटी इथंच बसली तं माह्या घरी कवा येईन?"

कुणाच्या काही लक्षात आलं नाही. गुरुजी म्हणाले, "वहिनी, तुमच्या घरी?"

"तिसरी पाळी आमच्या घराची नाई का?" त्यांनी टेबलावरचं एक पुस्तक घेतलं, सतरावं पान काढलं आणि नखाच्या कोरीवर बोट ठेवलं. "हे माह्यं हाये. हे डेपोत गेले की मी पाहत बसो."

"तुम्हाला इंग्रजी येतं?"

"नाई. चित्रं येतात."

योगायोगाने हाती आलेलं पुस्तक वाळवंटातल्या त्या दोन सैनिकांचं होतं. मी सहज म्हणालो, "यातला एक हेर आहे ना?"

"हेर?" त्यांनी आश्चर्याने मान हलवली. "नाई हो भाऊ. दोघं भाऊ हायेत हे. उन्हानं डोळे गेले, म्हनून एकमेकाले ओळखत नाईत."

गुरुजींनी चष्मा काढला. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पाणी चालत नाही, म्हणून मास्तरांनी घाईघाईने आपला रुमाल पुढे केला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एकमेकांच्या हातून काही घेतलं असेल.

गुन्ह्यात ‘सी’ समरी पाठवली. म्हणजे तक्रार खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातून झालेली. नोकरीत अशा समऱ्या पुष्कळ पाठवल्या, पण ही लिहिताना मला शब्द सुचेनात. माझी चूक त्या कागदावर लिहायला जागाच नव्हती. मास्तरांना मी भरबाजारातून आणलं होतं, तर सोडायलाही भरबाजारातच गेलो. जीपमधून उतरून त्यांच्या दुकानात बसलो आणि सगळ्यांसमोर शर्टाचं माप दिलं. तो शर्ट अजून वापरतो.

पुढच्या पोळ्यापर्यंत मी निवृत्त झालो होतो. गुरुजींचा फोन आला. पेटी मास्तरांकडून वहिनींकडे न्यायची, म्हणजे तिसरे आता ते. पण पेटी जड झालीय म्हणाले. गाडी मी चालवली. मेहकरला वहिनींच्या दाराशी गुरुजींनी पेटी ठेवली आणि कडी न वाजवता परत फिरले. आरशात पाहिलं तर दार आधीच किलकिलं होतं. आम्ही वळणावर पोचलो तोवर त्या उंबऱ्यातच बसून पेटी उघडत होत्या.

तपासात आम्ही विचारतो, वस्तू कुणाची? कुणी नेली? पाळी कुणाची होती, हे मला विचारायचं सुचलं नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं त्या दोघांनीही वहिनींना पाळीत धरलं नव्हतं. या प्रकरणाने मला शिकवलं असेल तर एवढंच.

गेल्या महिन्यात वहिनींनी त्यातलं एक पुस्तक माझ्याकडे पाठवलं. वाळवंटातलं तेच. मी दोनदा वाचलं. एकदा तो हेर वाटला, एकदा भाऊ. आता वाचून झालंय, म्हणजे सतराव्या पानावर खूण करायला हवी. डावा वरचा कोपरा रिकामा आहे. चार दिवस पुस्तक टेबलावर उघडं पडलंय, आणि त्या चौघांच्या शेजारी आपण काय उमटवावं हे मला अजून कळत नाही.